वेलमधून नेमकं काय येतंय? तेल, पाणी आणि वायूचं प्रमाण काढायची क्रमवार पद्धत

एकाच वेलचा (म्हणजे तेलविहिरीचा) वॉटर कट, म्हणजे द्रवातला पाण्याचा वाटा, जानेवारीत ६२ टक्के, फेब्रुवारीत ४१ आणि मार्चमध्ये ७० आला, तर दर वेळी जमिनीखालच्या खडकाला दोष देण्यात अर्थ नाही. बहुतेक वेळा वेल जशीच्या तशी असते, बदललेली असते ती मोजणाऱ्याची पद्धत. कुणी वेल टेस्ट हेडरवर (टेस्टसाठीच्या सामाईक पाइपवर) घेऊन तासाभरात बाटली भरलेली असते, कुणी आडव्या पाइपच्या तळातून भरलेली असते, कुणी सेंट्रिफ्यूजच्या (गरगर फिरवून तेल-पाणी वेगळं करणाऱ्या यंत्राच्या) नळीतला आकडा थेट टक्के म्हणून लिहिलेला असतो. आणि मग त्याच आकड्यावर वेल बंद करायची की वर्कओव्हर (वेलची आतून दुरुस्ती) करायचा, हे ठरतं.

पुढचे टप्पे मुंबई हायसारख्या समुद्रातल्या क्षेत्राची नेहमीची मांडणी धरून लिहिले आहेत: वेल प्लॅटफॉर्म, प्रॉडक्शन हेडर आणि टेस्ट हेडर, टेस्ट सेपरेटर (एका वेलचा वायू आणि द्रव वेगळे करून मोजायची टाकी), बऱ्याच वेल गॅस लिफ्टवर (द्रव वर उचलायला वेलमध्ये वायू सोडलेला). जमिनीवरच्या जीजीएसमध्ये (अनेक वेलचं तेल गोळा होतं त्या ग्रुप गॅदरिंग स्टेशनमध्ये) अंतरं आणि सोयी बदलतात, क्रम बदलत नाही. आणि चुका जवळपास सगळ्या क्रमाच्याच होतात. बाटली आधी भरली जाते, वेल स्थिर नंतर होते.

## टप्पा १: प्रश्न कोणता, ते आधी ठरवा

'वेलमधून काय येतंय' या प्रश्नाचे तीन वेगळे अर्थ निघतात आणि तिन्हींना वेगळी बाटली लागते.

पहिला अर्थ रोजच्या उत्पादनाचा: तेल किती, पाणी किती, वायू किती. याला टेस्ट सेपरेटर आणि साध्या बाटलीतलं सॅम्पल पुरतं. दुसरा अर्थ घटकांचा: मिथेन किती, प्रोपेन किती, जड भाग किती. याला दाबाखाली घेतलेलं वायू आणि तेलाचं जोड-सॅम्पल लागतं, उघड्या बाटलीतून हे उत्तर कधीच मिळणार नाही, कारण झाकण लावायच्या आतच हलके घटक उडून गेलेले असतात. तिसरा अर्थ पाण्याच्या उगमाचा: हे खडकातलं पाणी आहे, इंजेक्शनचं (दाब टिकवायला खडकात सोडलेलं) समुद्राचं पाणी आहे, की मागच्या अॅसिड जॉबचं (वेल मोकळी करायला आत सोडलेल्या आम्लाचं) परत येणारं पाणी?

एकाच बाटलीतून तिन्ही उत्तरं काढायचा मोह होतो, विशेषतः हेलिकॉप्टरची वेळ जवळ आली की. तो टाळा.

## टप्पा २: तयारी

वेलजवळ जायच्या आधी ही माहिती कागदावर हवी: मागच्या तीन टेस्टचे आकडे, चोकचं (वेलच्या तोंडाशी प्रवाह रोखणाऱ्या छिद्राचं) माप, ट्युबिंग हेड प्रेशर (उत्पादन वर आणणाऱ्या नळीच्या तोंडाचा दाब), केसिंग प्रेशर (तिच्याबाहेरच्या मोठ्या नळीतला दाब), गॅस लिफ्टचा दर, प्रॉडक्शन हेडरचा दाब, आणि गेल्या काही आठवड्यांत वेलवर काय काम झालं. शेवटची ओळ सगळ्यात जास्त विसरली जाते. ऑन-ऑफ ड्युटी बदलताना जुन्या शिफ्टने अॅसिड जॉब केल्याचं नव्या शिफ्टला ठाऊक नसतं, आणि मग पाण्यातलं कॅल्शियम बघून सगळे चक्रावतात.

सामानात हे लागेल: एक लिटरची रुंद तोंडाची सॅम्पल भांडी, १०० मिलीच्या शंकूच्या आकाराच्या सेंट्रिफ्यूज नळ्या, पाण्याने संपृक्त केलेलं टोल्युइन, डीमल्सिफायर (तेल-पाणी एकमेकांपासून सोडवणारं रसायन), मोजपात्र, थर्मामीटर, पीएच मीटर, एचटूएससाठी (हायड्रोजन सल्फाइड या विषारी वायूसाठी) डिटेक्टर ट्युब, आणि दाबाचं सॅम्पल घ्यायचं असेल तर तपासून आलेले स्टीलचे सिलिंडर.

इशारा: पश्चिम किनाऱ्यालगतच्या सगळ्याच वेल 'गोड', म्हणजे हायड्रोजन सल्फाइड नसलेल्या, नाहीत. वसई क्षेत्रातला वायू हजिऱ्याला नेऊन त्यातला हायड्रोजन सल्फाइड काढावा लागतो, तो उगाच नाही. हायड्रोजन सल्फाइडचा वास सुमारे १०० पीपीएमच्या आसपास नाकाला कळेनासा होतो, म्हणजे वास थांबला याचा अर्थ धोका टळला असा नाही. अंगावर चालू डिटेक्टर, सोबत दुसरा माणूस, वाऱ्याकडे पाठ. सॅम्पल पॉइंट धुऊन काढताना निघालेलं द्रव क्लोज्ड ड्रेनमध्ये (बंद नाल्यात), समुद्रात नाही.

## टप्पा ३: वेल टेस्टवर घ्या, आणि हेडर गळत नाही याची खात्री करा

वेल टेस्ट हेडरवर वळवणं म्हणजे दोन व्हॉल्व्ह फिरवणं, असं दिसतं. खरी अडचण बंद असलेल्या व्हॉल्व्हची असते. शेजारच्या वेलचा टेस्टकडचा व्हॉल्व्ह थोडासा गळत असेल तर तुमच्या वेलच्या हिशेबात तिचं तेल येतं. तुमच्याच वेलचा प्रॉडक्शनकडचा व्हॉल्व्ह गळत असेल तर तुमचं तेल मोजलंच जात नाही. वर्षानुवर्षं चालत आलेल्या कितीतरी 'विचित्र वेल'चं रहस्य एवढंच असतं.

तपासणी: टेस्ट सुरू करण्याआधी सगळ्या वेल टेस्ट हेडरवरून काढा आणि सेपरेटरची द्रवाची पातळी व वायूचा डीपी (मीटरवरचा दाबातला फरक) अर्धा तास बघा. पातळी चढत असेल किंवा डीपी शून्यावर येत नसेल, तर कुठला तरी व्हॉल्व्ह गळतोय. तो सापडेपर्यंत पुढे जाऊ नका.

दुसरी गोष्ट दाबाची. टेस्ट सेपरेटरचा दाब रोजच्या प्रॉडक्शन हेडरच्या दाबाइतका ठेवा. तो कमी ठेवला तर वेल टेस्टच्या दिवशी जास्त वाहते आणि तेलातून वायूही जास्त सुटतो. रिपोर्ट छान दिसतो, पण महिन्याच्या शेवटी किनाऱ्यावर उरणला पोचलेलं तेल त्याच्याशी जुळत नाही. चोक, गॅस लिफ्टचा दर, केमिकल इंजेक्शन हे सगळं रोजच्यासारखंच राहू द्या. टेस्टसाठी डीमल्सिफायरचा डोस वाढवून पाणी 'चांगलं सुटतंय' दाखवणं ही स्वतःचीच फसवणूक आहे.

## टप्पा ४: स्थिर होऊ द्या

याच टप्प्यावर सगळ्यात जास्त घाई होते, म्हणून एक हिशेब करून बघा. वेल प्लॅटफॉर्मपासून टेस्ट सेपरेटरपर्यंत सहा इंची लाइन ३ किलोमीटर आहे. तिचं पोट साधारण ५४ घनमीटर. त्यात निम्मं द्रव धरलं तर २७ घनमीटर द्रव आधीच्या वेलचं. तुमची वेल दिवसाला २५० घनमीटर द्रव देते, म्हणजे तासाला साधारण १०.४. तेव्हा जुनं द्रव बाहेर पडायलाच अडीच तासांहून जास्त वेळ लागतो. पहिल्या तासाला भरलेली बाटली शेजारच्या वेलची आहे, तुमच्या वेलची नाही.

लाइन धुतली गेली की मग स्थिरता बघायची: ट्युबिंग हेड प्रेशर, सेपरेटरचा दाब आणि तापमान, वायूचा दर, द्रवाचा दर. हे चारही एका सरळ पट्ट्यात किंवा नियमित चढ-उतारात आले की टेस्टचं घड्याळ सुरू करा, त्याआधीचे आकडे हिशेबात धरू नका. गॅस लिफ्टवरची वेल बऱ्याचदा लाटांनी वाहते: थोडा वेळ नुसता वायू, मग द्रवाचा लोंढा. अशा वेळी टेस्टचा कालावधी पूर्ण लाटांमध्ये मोजायचा. साडेतीन लाटांवर टेस्ट थांबवली तर शेवटची अर्धी लाट सरासरी बिघडवते. गॅस लिफ्टच्या वेलला स्थिर झाल्यानंतर सहा तासांपेक्षा कमी टेस्ट मी मान्य करत नाही. लाटा मोठ्या असतील तर चोवीस तास हवेत.

तपासणी: टेस्टच्या सुरुवातीला आणि शेवटी सेपरेटरची द्रवाची पातळी एकच हवी. फरक असेल तर तेवढं आकारमान हिशेबात मिळवा किंवा वजा करा.

## टप्पा ५: वायू आणि द्रव मोजा

वायूसाठी ऑरिफिस प्लेट (पाइपमधली भोकाची चकती, जिच्या दोन बाजूंच्या दाबफरकावरून वायू मोजतात) असेल तर ती बाहेर काढून बघायला लाजू नका. धारदार कड येणाऱ्या वायूकडे हवी. प्लेट उलटी बसली की मीटर वायू कमी दाखवतो, आणि तो आकडा इतका विश्वासार्ह वाटतो की कुणाला शंकाही येत नाही. डीपी ट्रान्समीटरचा शून्य तपासा, त्याच्या बारीक नळ्यांमध्ये कंडेन्सेट (वायू थंड होऊन सुटलेलं द्रव) साचलं नाही ना ते बघा.

मीटरमध्ये भरलेली वायूची सापेक्ष (हवेच्या तुलनेतली) घनता ही दुसरी जुनी गडबड. ऑरिफिसचा दर घनतेच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात असतो. मीटरमध्ये ०.७० भरलंय आणि खरा वायू ०.८० चा आहे, तर वायू सुमारे ७ टक्के जास्त दिसतो. एका वेलसाठी भरलेला आकडा सगळ्या वेलना चालवला की ही चूक प्रत्येक रिपोर्टमध्ये वेगळ्या प्रमाणात शिरते.

द्रवाच्या टर्बाइन मीटरचा शत्रू म्हणजे द्रवात राहून गेलेला वायू. सेपरेटरची पातळी खाली गेली की तळातून वायूच निसटतो आणि टर्बाइन भन्नाट फिरायला लागतं. मीटरच्या आकड्यात अचानक टोकदार उड्या दिसल्या तर आधी पातळी बघा, तेल वाढल्याचा आनंद नंतर.

मल्टिफेज मीटर (तेल, पाणी, वायू वेगळे न करता मोजणारा) असलेल्यांनी हा टप्पा वगळू नये. त्या मीटरला तेल, पाणी आणि वायूचे गुणधर्म आपणच भरून द्यावे लागतात, आणि गॅमा किरणांवर चालणाऱ्या मीटरला पाण्याच्या खारटपणातला बदल चकवतो. इंजेक्शनचं पाणी वेलमध्ये पोचलं की खारटपणा बदलतो, मीटरला ते कळत नाही. म्हणजे सॅम्पलपासून सुटका नाहीच.

## टप्पा ६: वॉटर कटचं सॅम्पल

तेल आणि पाणी एका पाइपमधून जातात म्हणून ते सारखे मिसळलेले असतात, हा गैरसमज आहे. आडव्या पाइपमध्ये वेग कमी असला की पाणी तळाशी आणि तेल वर वेगळं वाहतं. ताक ढवळल्याशिवाय वाढलं की पहिल्या वाटीत निवळ आणि शेवटच्या वाटीत गाळ येतो, तसाच हा प्रकार. तळाच्या नळातून बाटली भरली तर ८० टक्के पाणी, वरच्या नळातून भरली तर २०, वेल तीच.

जागा निवडताना: उभ्या, वरच्या दिशेने वाहणाऱ्या पाइपवरचा पॉइंट सगळ्यात चांगला. सॅम्पलची नळी पाइपच्या मध्यापर्यंत आत गेलेली हवी. सेपरेटरच्या द्रव-लाइनवर डंप व्हॉल्व्हच्या (सेपरेटरमधलं द्रव बाहेर सोडणाऱ्या व्हॉल्व्हच्या) पुढे घेत असाल तर एक गोष्ट डोळ्यांनी बघून घ्या: डंप व्हॉल्व्ह उघडलेला आहे आणि द्रव वाहतंय. हा व्हॉल्व्ह उघडझाप करत असतो. तो बंद असताना लाइनमधलं द्रव उभं राहतं, दोन-तीन मिनिटांत पाणी खाली बसतं, आणि त्याच वेळी कुणी नळ सोडला तर बाटलीत फक्त पाणी येतं. कंट्रोल रूममध्ये एक माणूस वॉकी-टॉकीवर ठेवून 'उघडला' म्हटल्यावर नळ सोडणं, यापलीकडे यात शहाणपण नाही. पण हे न केल्यामुळे गेलेले आकडे पुष्कळ.

भरण्याची रीत:

१. नळ उघडून मधल्या मृत नळीतलं जुनं द्रव वाहू द्या, नळीच्या आकारमानाच्या किमान तिप्पट.
२. भांडं एका दमात भरा. फेस खूप येत असेल तर थोडं थांबून उरलेलं भरू नका, नवीन भांडं घ्या.
३. टेस्टच्या काळात दर अर्ध्या तासाला एक, असं करत जा. एकच मोठी बाटली ही दहा छोट्यांची जागा घेत नाही.
४. वेगळा दिसणारा आकडा फेकून देऊ नका. लाटेने वाहणाऱ्या वेलमध्ये वेगळा आकडा हाच खरा असू शकतो.

इशारा: पाणी जास्त असलेल्या वेलमध्ये ही काळजी दुप्पट घ्या. द्रव ३०० घनमीटर आणि वॉटर कट ९० टक्के, तर तेल ३० घनमीटर. कट दोनच अंकांनी चुकून ९२ आला की तेल २४ होतं, म्हणजे पाचवा हिस्सा गायब. हीच दोन अंकांची चूक २० टक्के कटच्या वेलमध्ये २४० चं २३४ करते, कुणाला पत्ताही लागत नाही.

## टप्पा ७: सेंट्रिफ्यूज

पाणी बरंच असेल तर सॅम्पल थेट सेंट्रिफ्यूजमध्ये घालू नका. आधी भांडं स्थिर ठेवून सुटं पाणी खाली बसू द्या, ते मोजपात्रात मोजून वेगळं करा, आणि वर उरलेलं तेल-इमल्शन (बारीक थेंबांनी पाणी अडकलेलं तेल) सेंट्रिफ्यूजला घाला.

दोन नळ्या घ्या. प्रत्येकीत ५० मिली सॅम्पल, ५० मिली टोल्युइन, डीमल्सिफायरचे ठरलेले थेंब. टोल्युइन आधी पाण्याने संपृक्त केलेलं हवं, कोरडं टोल्युइन सॅम्पलमधलंच थोडं पाणी स्वतःत विरघळवून घेतं. नळ्या ६० अंश सेल्सिअसच्या बाथमध्ये गरम करा. मुंबई हायचं तेल मेणाचं आहे, थंड नळीत मेणाचा थर पाण्याच्या सीमेवर बसतो आणि तो गाळ समजून मोजला जातो. मग दहा मिनिटं फिरवा, आकडा घ्या, पुन्हा गरम करून पुन्हा फिरवा. दोन लागोपाठचे आकडे सारखे आले की थांबा, एकदा फिरवून समाधान मानू नका.

आता आकडा वाचण्याची चूक. दोन नळ्यांमध्ये मिळून १०० मिली सॅम्पल आहे, म्हणून दोन्ही नळ्यांतल्या पाण्याची बेरीज म्हणजे टक्के. एका नळीत ६.९ आणि दुसरीत ७.१ मिली पाणी, तर पाणी १४ टक्के. सात नाही. नळीवर १०० च्या खुणा असतात म्हणून सात टक्के लिहिणारे दर बॅचमध्ये भेटतात.

पूर्ण उदाहरण: १००० मिलीच्या भांड्यात सुटं पाणी ५३५ मिली. उरलेलं ४६५ मिली इमल्शन, त्यात १४ टक्के पाणी, म्हणजे ६५ मिली. एकूण पाणी ६०० मिली, वॉटर कट ६० टक्के. सुटं पाणी विसरलं असतं तर रिपोर्टमध्ये १४ गेलं असतं.

इशारा: टोल्युइनची वाफ खोलीच्या तापमानालाच पेट घेऊ शकते. उघडी हीटिंग प्लेट, साधा पंखा, मोबाइल चार्जर या गोष्टी त्या टेबलावर नकोत.

## टप्पा ८: दाबाखालचं जोड-सॅम्पल

घटकांचं पृथक्करण हवं असेल तरच हा टप्पा. वायू आणि तेल दोन्ही सॅम्पल एकाच सेपरेटरवरून, एकाच वेळी, दाब आणि तापमान स्थिर असताना घ्यायचे. सकाळी वायू आणि जेवणानंतर तेल, हे चालत नाही. मधल्या वेळात दाब बदलला की दोन्ही एकमेकांशी समतोलात राहत नाहीत.

वायूच्या सिलिंडरमध्ये हवा राहता कामा नये. निर्वात केलेला सिलिंडर वापरा किंवा सेपरेटरच्या वायूनेच अनेकदा भरून-सोडून घ्या. तेलाच्या सिलिंडरमध्ये द्रव काठोकाठ भरून बंद करू नका. उन्हात ठेवलेल्या काठोकाठ द्रवाला प्रसरणाला जागा नसते आणि दाब भयंकर चढतो. ठरलेल्या पद्धतीने थोडी जागा सोडा, सुमारे एक दशांश. लेबलवर वेल, तारीख, वेळ, दाब, तापमान, सॅम्पल पॉइंट आणि सिलिंडर क्रमांक. किनाऱ्यावर पाठवताना धोकादायक मालाची नोंद करूनच पाठवा. जुहूला उतरताना बॅगेतून सिलिंडर निघणं कुणालाच परवडणारं नाही.

हायड्रोजन सल्फाइड मात्र तिथल्या तिथे डिटेक्टर ट्युबने मोजा. स्टीलच्या सिलिंडरच्या भिंती तो गिळतात, प्रयोगशाळेत पोचेपर्यंत तो कमी होतो आणि कधी पूर्ण नाहीसाही होतो.

प्रयोगशाळेकडून तीन गोष्टी मागून घ्या:

- तेलाचा सिलिंडर सेपरेटरच्या तापमानाला तापवल्यावर बबल पॉइंट (तेलातून वायूचा पहिला बुडबुडा सुटतो तो दाब) किती आला? तो सेपरेटरच्या दाबाजवळ हवा. खूप कमी असेल तर सिलिंडर गळलाय, जास्त असेल तर द्रवासोबत वायूही शिरलाय.
- वायूचा सिलिंडर पृथक्करणाआधी तापवला होता का? थंड सिलिंडरमध्ये जड घटक भिंतीवर द्रव होऊन बसतात आणि वायू खोटाच 'हलका' दिसतो.
- ऑक्सिजन किती? खडकातल्या वायूत ऑक्सिजन नसतो. ०.५ टक्के ऑक्सिजन म्हणजे सुमारे २.४ टक्के हवा आत आली, आणि नायट्रोजनमधला साधारण १.९ टक्के भाग हवेचा आहे. तेवढा वजा केल्याशिवाय आकडे वापरू नका. त्याहून जास्त असेल तर सॅम्पलच पुन्हा घ्या.

## टप्पा ९: पाण्याची बाटली

पाणी वेगळ्या, स्वच्छ बाटलीत, काठोकाठ भरून, हवा न ठेवता. (इथे काठोकाठ चालतं, कारण ही दाबाची बाटली नाही.) पीएच आणि क्षारता जागेवरच मोजा, बाटली उघडी राहिली की कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि पीएच चढतो.

समुद्राच्या पाण्यात क्लोराइड लिटरला साधारण १९,००० मिलिग्रॅम आणि सल्फेट सुमारे २,७०० मिलिग्रॅम असतं. तुमच्या खडकातल्या पाण्याचे जुने, इंजेक्शनपूर्व आकडे काढा. दोन्हींत सल्फेटचा फरक मोठा असेल तर मिश्रणातला समुद्राच्या पाण्याचा वाटा सरळ प्रमाणाने निघतो. खडकाच्या पाण्याचा जुना आकडा नसेल तर हे गणित करू नका. वायूच्या वेलमध्ये क्लोराइड फारच कमी आलं तर ते बहुधा वायूतून थंड होऊन सुटलेलं पाणी आहे, खडकातून आत शिरलेलं नाही. अशा वेलला 'पाणी लागलं' म्हणून घाबरून जायचं कारण नाही.

## टप्पा १०: हिशेब

इथे तीन सापळे आहेत.

पहिला, आकुंचन. सेपरेटरमधलं तेल टाकीत आलं की त्यातला वायू सुटतो आणि ते आकसतं. पाणी जवळपास आकसत नाही. समजा मीटरवर द्रव २५८ घनमीटर, उघड्या बाटलीतला वॉटर कट ६० टक्के, आणि सेपरेटरचं १०८ घनमीटर तेल टाकीत १०० होतं. घाईत लोक २५८ चे ४० टक्के करून १०३ लिहितात. काही जण पुढे जाऊन सगळ्या २५८ लाच आकुंचन लावतात, म्हणजे पाणीही आकसवतात. खरं असं: टाकीतल्या १०० भाग द्रवात ४० तेल, ६० पाणी. सेपरेटरमध्ये ते ४० तेल ४३.२ होतं, पाणी ६०, एकूण १०३.२. म्हणजे २५८ घनमीटरमागे टाकीत तेल १०० आणि पाणी १५०.

दुसरा, गॅस लिफ्ट. याच वेलमध्ये एकूण वायू ६०,००० घनमीटर, लिफ्टसाठी घातलेला ५०,०००. खडकातला वायू १०,०००, जीओआर (एक घनमीटर तेलामागे वायू किती घनमीटर) १००. आता एकूण वायूचा मीटर ५ टक्के चुकला, म्हणजे ३,००० घनमीटर. जीओआर ७० किंवा १३० होतो! मोठ्या संख्येतून मोठी संख्या वजा केली की लहान चूक फुगते. म्हणून लिफ्टचा मीटर आणि सेपरेटरचा मीटर एकाच दिवशी तपासलेले हवेत. लिफ्टचा वायू विसरून ६०० जीओआर लिहिलेलेही रिपोर्ट असतात, आणि 'गॅस कॅप (साठ्यात तेलावर असलेला वायूचा थर) खाली आली' अशी चर्चा त्यावर रंगते.

तिसरा, घटकांची जोड. सेपरेटरचा वायू आणि तेल परत एकत्र करून मूळ प्रवाह काढताना जीओआर सेपरेटरच्या तेलावरचा घ्यायचा, टाकीच्या तेलावरचा नाही. स्वतःच्या दाबाने वाहणाऱ्या वेलचं उदाहरण: सेपरेटरच्या १ घनमीटर तेलामागे वायू १२० घनमीटर, तेलाची घनता ८०० किलो, रेणुभार १८०. तेल ४.४४ किलोमोल. वायू १२० भागिले २३.६४ (१५ अंशाला एका किलोमोलचं आकारमान), म्हणजे ५.०८ किलोमोल. वायूचा वाटा ०.५३३. वायूत मिथेन ७८ टक्के आणि तेलात ६ टक्के, तर प्रवाहात ४४.४ टक्के. टाकीच्या तेलावरचा १३० चा जीओआर चुकून वापरला तर मिथेन ४५.८ येतं. जवळपास दीड टक्क्याचा हा फरक पुढे बबल पॉइंटच्या गणितात मोठा होऊन बसतो.

इशारा: गॅस लिफ्ट चालू असताना घेतलेल्या वायूत लिफ्टचाच वायू जास्त असतो. वरच्या उदाहरणात सहातले पाच भाग. ती जोड खडकातला प्रवाह नव्हे. लिफ्ट बंद ठेवून वेल वाहत असेल तर तेव्हा घ्या, नाहीतर वेलच्या तळातून सॅम्पल घ्यायची तयारी करा.

## टप्पा ११: मेळ लावा

प्लॅटफॉर्मवरच्या सगळ्या वेलच्या टेस्टचे आकडे, प्रत्येकीचे चालू तास लावून, बेरीज करा आणि निर्यात मीटरशी ताडून बघा. एखाद्या महिन्याचा फरक चालतो. तोच फरक एकाच दिशेने महिनोन् महिने येत असेल तर सगळ्या वेलवर सारखा वाटून मोकळं होऊ नका. कुठल्या वेलच्या टेस्टनंतर तो सुरू झाला ते शोधा.

एकाच वेलचे आकडे पुन्हा मोजायचे की स्वीकारायचे, यासाठी मी हे बघतो: वॉटर कट बदलला पण ट्युबिंग हेड प्रेशर, केसिंग प्रेशर आणि पाण्यातलं क्लोराइड बदललं नाही, तर टेस्ट पुन्हा. कट आणि क्लोराइड दोन्ही बदलले, तर वेल खरंच बदलते आहे, रिझर्व्हायरच्या (जमिनीखालच्या साठ्याचा अभ्यास करणाऱ्या) माणसाला फोन करा. जीओआर उडाला पण खडकातल्या वायूची घनता तीच राहिली, तर आधी लिफ्टचा मीटर बघा.

रिपोर्टमध्ये आकड्याच्या शेजारी टेस्टचा कालावधी, सॅम्पलची संख्या, सॅम्पल पॉइंट, सेपरेटरचा दाब आणि लिफ्टचा दर लिहा. नुसता '६० टक्के' असा आकडा पुढच्या शिफ्टला कशाशीच ताडता येत नाही, आणि चौदा दिवसांनी तुम्ही परत आलात की तुम्हालाही.